भाईंच्या कार्डावरचं माझं नाव

माझ्याबद्दल ढोकीत एक गोष्ट सांगितली जाते. शाळेत नवा शिक्षक बदलून आला, की जुन्यांपैकी कुणीतरी त्याला बाजूला घेऊन म्हणतो, "ह्या बाईंसमोर जपून हां. सख्ख्या भाचीचं सरकारी कर्ज गेलं, पण चौकशीच्या माणसापुढं खोटं बोलल्या न्हाईत." मग तो नवा माणूस माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. एकदा तर मुख्याध्यापकांनी परिपाठाच्या वेळी ही गोष्ट मुलांना सांगितली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ओळीच्या कडेला मान खाली घालून उभी होते, आणि तोही लोकांना माझा विनय वाटला.

त्या दिवशी मी बोलले ते खरंच होतं. पण कशासाठी बोलले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता भाई नाहीत. ते असताना हे लिहायची माझी हिंमत झाली नसती. म्हणजे हा उशीरसुद्धा भित्रेपणाचाच आहे, हे आधीच कबूल करते.

भाई म्हणजे माझे थोरले भाऊ. कारखान्याच्या रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की मोडक्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या दुकानापुढं रांगेनं उभ्या राहत, आणि भाई डोळ्यांवर काळी काच धरून दिवसभर वाकलेले असत. हंगाम उतरला की काम आटायचं. मग खिडकीच्या जाळ्या, एखाद्याचं फाटक, कुणाच्या पाळण्याची कडी. खाऊनपिऊन बरं होतं, मागं काही पडत नव्हतं.

मी नवऱ्याचं घर सोडून आले ती ह्या भाईंच्या दारात. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच कायम झाले होते. का सोडून आले ते लिहीत बसत नाही. त्यात नवं काही नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. निघताना मला बदलीच्या अर्जासाठी रहिवासाचा पुरावा लागला, तेव्हा कळलं की त्या घरात इतकी वर्षं राबून माझं नाव त्यांच्या रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं. वीजबिल सासऱ्यांच्या नावानं, घरपट्टी दिरांच्या नावानं, आणि कार्डावर घरातली सगळी माणसं, अगदी शिकायला पुण्यात असलेला दिरांचा पोरगासुद्धा. मी तेवढी नव्हते. दुपारी मी तिथून निघाले, तेव्हा कागदावर बघितलं तर त्या घरातून कुणी गेलेलंच नव्हतं.

भाईंना हे मी सांगितलं. पुढच्या सोमवारी ते दुकान बंद ठेवून मला धाराशिवला घेऊन गेले, तहसीलच्या पुरवठा शाखेत. तिथला बाबू भाईंना ओळखत होता.

"भाई, इचार करा," तो म्हणाला. "बहीण पगारदार. ह्यांचं नाव चढवलं की तुमचं केशरी कार्ड पांढरं होतंय. गहू, तांदूळ, सगळं बंद."

"होऊ द्या की पांढरं."

"अवो, नाव न्हाय चढवलं म्हणून काय बिघडतंय? राहतील की तशाच. कोण बघाया येतंय?"

"ही बघतीय की," माझ्याकडं हात करून भाई म्हणाले. "चढवा."

त्या कार्डाला त्यांनी परतताना स्टॅंडवर प्लास्टिकचं कव्हर घेतलं. घरी आल्यावर भाभीनं ते उघडून बघितलं आणि म्हणाली, "चला, आता साखर विकत. चहा बिनसाखरेचा प्यायचा, आपांच्या आल्याच्या खुशीत." आणि त्या दिवशी तिनं शिरा केला.

आम्ही घरात दखनी उर्दू बोलतो. ते सगळं इथं मराठीत उतरवते आहे, त्यामुळं भाभीच्या बोलण्यातली निम्मी गंमत गेली असणार. मी वयानं तिच्याहून मोठी, म्हणून ती मला आपा म्हणते.

पहिला पगार झाला तेव्हा मी पैसे आणून भाईंपुढं ठेवले. त्यांनी ते बोटानं माझ्याकडं सरकवले.

"तुझं तुझ्यापाशी ठेव. उद्या भांडण झालं तर म्हणशील, माझ्या जिवावर जगले."

"भाई, मी असं म्हणेन?"

"तू न्हाय म्हणायचीस. तुझी भाभी म्हणंल, तुझ्या वतीनं."

"मी कशाला म्हणू?" भाभी चुलीपासून म्हणाली. "मला तुमच्यासंग भांडाया दिवस पुरत न्हाय, ह्यांची वकिली कवा करू?"

नंतर मीही तो विषय काढला नाही. सणाला कपडे, अडीनडीला औषधपाणी, एवढंच ते माझ्याकडून घेत. पगार बँकेत साठत गेला.

भाईंना एकच लेक. मी आले तेव्हा ती पहिलीत होती. माझ्याच खोलीत झोपायची, माझ्याच पाठीमागं सायकलवर बसून शाळेत यायची. तिला अक्षरओळख मी करून दिली, गणितात मार मी दिला, आणि आईबापाला सांगायच्या आधी सगळ्या गोष्टी ती मला सांगायची. फुफी, फुफी करत घरभर; आमच्यात आत्याला फुफी म्हणतात. बारावी सायन्सला चांगले गुण पडले आणि तिनं नर्सिंग धरलं. सोलापूरच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. खाजगी कॉलेज, चार वर्षांची फी. बँकेत गेलो तर बँकेनं तारण मागितलं, आणि भाईंचं दुकान भाड्याच्या जागेत.

मी म्हणाले, "भाई, फी मी भरते."

ते जेवत होते. हात थांबवून म्हणाले, "बहिणीच्या पगारावर लेक शिकवायची, तर मी हे डोळे कशाला जाळतोय?"

"उसने समजा."

"तुझे उसने मी कवा फेडू? आणि तू मागणार हायस का? न मागणाऱ्याचं घ्यायचं नसतंय."

मग पोरीनंच शोधून काढलं. अल्पसंख्याक समाजातल्या मुलांसाठी सरकारी महामंडळाचं शैक्षणिक कर्ज असतं. व्याज नावाला, फेड शिक्षण झाल्यावर. भाईंना हे पटलं. सरकारचं कर्ज पोरगी स्वतः कमावून फेडणार, त्यात कुणाचं मिंधेपण नाही. तिनं पात्रतेच्या अटी मोठ्यानं वाचून दाखवल्या. राज्यातला रहिवास, वयाची अट, मान्यता असलेल्या कॉलेजातला प्रवेश, जामीनदार. प्रत्येक अटीला ती "बसतंय" म्हणायची आणि भाई "बसतंय" म्हणायचे. शेवटची अट होती, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत. "बसतंय," ती म्हणाली. भाई हसत म्हणाले, "ह्यात तर लई आरामात बसतंय."

मी काही बोलले नाही. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षानुवर्षं मीच भरत आले आहे. कचेरीत कुटुंब कशाला म्हणतात ते मला ठाऊक होतं. कार्डावर जेवढी नावं, तेवढं कुटुंब. सरकारच्या लेखी माझा पगार त्या घरात येत होता. भाईंच्या लेखी तो कधीच आला नव्हता.

आठवडाभरातच आमचे तलाठी शाळेत आले. मतदार याद्यांचं काम माझ्याकडं होतं, त्यासाठी ते अधूनमधून येत. काम झाल्यावर खुर्चीतून उठता उठता म्हणाले, "बाई, एक बोलायचं होतं. तुमच्या भाचीच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं. तुमचा पगार धरला तर पोरगी बसत न्हाय. न्हाय धरला, तर उद्या कुणी कार्ड बघितलं की मी खोटा."

"मग?"

"सोपं हाय. तुम्ही नाव कमी करून घ्या. कमावत्या हाय, एकट्याचं वेगळं कार्ड निघतंय. गावात एखादी खोली घ्या, थोडे दिवस ऱ्हावा. यात खोटं काय न्हाय. मी आठपंधरा दिवस दाखला धरून ठेवतो, घरी बोला तुम्ही."

"बोलते," मी म्हणाले.

मी बोलले नाही.

आज हे लिहिताना मला त्या दिवसांतली कारणं शोधावी लागत नाहीत, ती तोंडपाठ आहेत. पहिल्या दिवशी भाई दमून आले होते. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी मी ठरवून जेवायला बसले, तोंड उघडलं आणि म्हणाले, "कालवण छान झालंय." रोज मी स्वतःला सांगायची, भाईंना वाईट वाटेल, ते ऐकणारच नाहीत, मग सांगून काय उपयोग. पण खरी गोष्ट अशी की ते ऐकतील ह्याचीच मला भीती होती. एकदा नाव उतरलं, एकदा खोली घेतली, की पोरगी शिकून नोकरीला लागेपर्यंत कोण म्हणणार, आता परत या? कुणी वाईट वागलं नसतं. सणाला बोलावलं असतं. पण बोलावलं असतं, आणि ज्याला बोलवावं लागतं तो घरातला नसतो. एका घरातून मी कागदावर न उमटता निघाले होते. ह्या घरात मी उमटले होते. ते पुसायचं माझ्याच्यानं होईना.

पंधरा दिवस गेले. मग तलाठ्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. भाईंच्या एकट्याच्या उत्पन्नावर दाखला दिला आणि अहवालात लिहिलं, बहीण नोकरदार असून स्वतंत्र. अर्ज पुढं गेला. पण महामंडळाच्या कचेरीत कार्डाची प्रत बघून पोरीला विचारलंच. ती धाराशिवहून एसटीनं आली ती खांद्यावरची पिशवी न काढता ओसरीत बसली.

"अब्बा, फुफींचा पगार मधी येतोय."

भाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "म्हणजे?"

"कार्डावर नाव हाय म्हणून."

"नाव काढायचं सोडून दुसरं काय ते बोल."

"तेच सांगतीय की. काढायचं न्हाय आत्ता. घरी चौकशीला माणूस येणार. फुफी वेगळ्या राहत्यात, वेगळं शिजवून खात्यात, असं त्यानं लिहिलं की काम सरकतंय. साहेब म्हणले, कार्डाचं मागनं करून द्या."

भाई माझ्याकडं बघायला तयार नव्हते. मला विचारणं त्यांना जमणार नाही, हे मला दिसत होतं. भाभी दारात उभी राहून पदराशी चाळा करत होती. पोरगी माझ्याकडं बघत होती.

"करू की," मी म्हणाले. "त्यात काय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोरीनं येऊन मला मिठी मारली. तलाठी हेच, आणि सरळ मार्गानं करायला सांगून गेले होते, हे तेव्हा तरी सांगायचं होतं. तेही नाही सांगितलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी घरात नुसता तमाशा होता. माझ्या खोलीत दुसरी चूल मांडायची होती. भाईंनी दुकानातून गॅसची एक जुनी शेगडी दुरुस्त करून आणली. पोरगी हुकूम सोडत होती.

"फुफी, उद्या आमच्यातलं लोणचं खायचं न्हाय. मागायचं, वाटीनं."

"आणि वाटी धुऊन परत द्यायची," भाभी म्हणाली. "न्हायतर भांडण."

भाई दारातून डोकावून म्हणाले, "काय शेजारीणबाई, बरं हाय का?"

सगळे हसले, मीही हसले. भाभीनं माझ्या खोलीतल्या फळीवर भांडी मांडली. एक पातेलं, एक तवा, एक पेला, एक ताट. "एकटीला एवढं रग्गड झालं की वो आपा," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती ताट पुसून उभं करून ठेवत होती, उजेड त्यावर पडेल असं. त्या एकट्या ताटाकडं बघत मी उभी राहिले. मला वाटलं, किती पटकन झालं हे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत. आणि सगळे किती हसत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो माणूस आला. तरुण होता, हातात हेल्मेट, काखेत फाईल. पाणी प्याला, पोरीला गुण विचारले, "नर्सिंग चांगलं हाय, लगेच काम लागतं," म्हणाला. भला माणूस होता. त्याला कर्ज नाकारायचं नव्हतं, ते पहिल्या दोन मिनिटांतच कळलं. घर बघत बघत माझ्या खोलीच्या दारात आला. शेगडी बघितली, फळी बघितली, लिहू लागला.

"मॅडम, तुम्ही ह्यांच्या भगिनी. स्वयंपाक तुमचा वेगळा, बरोबर?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. भाई ओसरीत खांबाला टेकून उभे होते. पोरगी माझ्या शेजारी, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणाले. "आमचं एकत्रच आहे."

त्यानं वर बघितलं. "म्हणजे कधीमधी जेवत असाल तिकडं. पण राहता वेगळं, असंच ना?"

त्यानं मला दुसऱ्यांदा संधी दिली होती.

"वेगळं काही नाही. मी ह्याच घरातली आहे. कार्डावर आहे तसंच."

त्यानं पेनचं टोपण लावलं, जरा वेळानं परत काढलं, आणि जे ऐकलं ते लिहिलं. जाताना त्यानं भाईंशी हात मिळवला आणि म्हणाला, "बाई सरळ आहेत. असं आजकाल कुणी सांगत नाही." त्या गोष्टीची सुरुवात तिथून झाली.

तो गेल्यावर भाभी आत गेली. भाई बराच वेळ रस्त्याकडं बघत होते. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझ्याच्यानं खोटं बोलवलं न्हाय," ते म्हणाले. "माझंच चुकलं. मास्तरणीला खोटं बोलाया लावलं मी."

आणि पोरगी रडली ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून. रडता रडता म्हणाली, "फुफी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलला असता ना, तर मला जल्मभर बोचलं असतं." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. त्या क्षणी सांगितलं असतं तर काही दिवसांचा राग झाला असता, नाव उतरवून धावपळ करून कदाचित जमलंही असतं. पण तिनं माझ्या भीतीला इतकं चांगलं नाव दिलं होतं, की ते मी घेतलं.

अर्जावर अपात्र असा शेरा आला. सोलापूरची जागा गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, मी वेगळं कार्ड काढून दिलं असतं तर. मी काढलं नाही, आणि मला कुणी सुचवलं नाही, कारण ज्या बाईनं पोटच्या पोरीसारख्या भाचीसाठी खोटं सांगितलं नाही, तिला घर सोडा म्हणायला कुणाचं तोंड झालं असतं? पोरीनं धाराशिवला रक्त तपासणीचा छोटा कोर्स केला. त्याची फी भाईंनी दोन हंगामांत फेडली. आता ती गावातल्याच लॅबमध्ये काम करते. हात हलका आहे तिचा, म्हातारी माणसं तिच्याकडूनच रक्त काढून घेतात. सोलापूरचं नाव तिनं परत कधी घेतलं नाही.

भाईंनी मात्र ती गोष्ट सोडली नाही. ट्रॉली सांधायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "माझी बहीण! सरकारी माणसाच्या तोंडावर म्हणली, मी ह्याच घरातली हाय." लेकीचं शिक्षण राहिल्याचं दुःख त्यांनी असं माझ्या कौतुकाखाली झाकून ठेवलं. मी दुकानावरून जाताना त्यांचा आवाज ऐकू आला की रस्ता बदलायची.

यंदा दिवाळीच्या आधी भाई गेले. दुकानातच, काम करता करता छातीला हात लावून बसले. हंगामाच्या ट्रॉल्या दारात तशाच उभ्या होत्या, लोकांनी त्या दुसऱ्या दुकानांवर ओढून नेल्या.

भाभी इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईनं जे दिवस घरातच काढायचे असतात, ते. बाहेरची कामं पोरीवर आली. एका दुपारी ती लॅबमधून आली आणि म्हणाली, "कार्डावरचं अब्बांचं नाव कमी करावं लागतंय. आणि कुटुंबप्रमुख बदलायचा. घरातली सगळ्यात मोठी बाई असती प्रमुख, नियम हाय."

"मग आपाच की," भाभी म्हणाली. "माझ्याहून मोठ्या त्या. आपांचं नाव वर घाल."

पोरगी मोबाईलवर लिहू लागली. मी म्हणाले, "थांब."

आणि सांगितलं. तलाठी शाळेत आले तिथपासून. पंधरा दिवस, कालवण, एकटं ताट, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा बोलले नसते, म्हणून भिंतीकडं बघत बोलत राहिले. म्हणाले, मी खरं बोलायचं म्हणून खरं बोलले नाही. मला घरातून निघायचं नव्हतं म्हणून बोलले. तुझी जागा गेली ती माझ्यामुळं गेली. माझं नाव आता तरी कमी कर.

भाभीनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. लॅबमध्ये आजाऱ्याला विचारते तशा आवाजात पोरीनं विचारलं,

"तलाठीकाका आधी येऊन गेले होते?"

"व्हय."

"म्हणजे कार्ड वेगळं निघालं असतं. खोटं न बोलता."

"निघालं असतं."

ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं, एकदा गेलात की आम्ही परत घेणार न्हाय?"

"व्हय."

"अब्बा?"

ह्या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. इतक्या वर्षांत मी स्वतःला सगळे प्रश्न विचारले होते, हा नव्हता विचारला. पण आता मागं फिरता येत नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "भाईसुद्धा."

तिचा चेहरा तेव्हा बदलला. कर्जाचं ऐकताना बदलला नव्हता.

"नर्सिंगचं मी कवाच सोडलं, फुफी," ती म्हणाली. "जागा गेली, गेली. पण ज्या माणसानं तुमच्यासाठी घरचं धान्य बंद करून घेतलं, त्याच्याबद्दल तुम्ही असं धरून बसला होता? त्याच्याच घरात बसून? त्याच्याच ताटात खाऊन?"

"आता गेलेल्या माणसाला कशाला मधी ओढता आपा," भाभी हळूच म्हणाली, आणि रडू लागली.

भाई माझ्याशी कधी एक शब्द वावगा बोलले नव्हते. मी त्यांना माझ्या नवऱ्याच्या घराच्या मापानं मोजलं होतं, आणि ते कधीच त्यांना कळलं नाही.

पोरीनं ते काम तसंच ठेवलं. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा पुढं ठेवायची, गोळी घेतली का विचारायची. मग एका सकाळी म्हणाली, "चला, सेतू केंद्रात सही लागतीय तुमची." तिच्या स्कूटीवर मागं बसून मी गेले. तिथं बघितलं तर प्रमुखाच्या जागी माझं नाव.

"मी कमी करायला सांगितलं होतं," मी म्हणाले.

"नियमानं तुमचंच येतंय. कमी करायचं तर तुमचं तुम्ही या कवातरी. माझ्या हातानं व्हायचं न्हाय. सही करा."

मी सही केली.

परत येताना तिनं गाडी घराकडं वळवली नाही. कारखान्याच्या रस्त्यानं पुढं गेली आणि कबरस्तानाच्या भिंतीपाशी थांबवली. आमच्यात बायका आत जात नाहीत. भाईंना नेलं तेव्हाही आम्ही दारातच थांबलो होतो. भिंत छातीएवढी आहे. पलीकडं बाभळी दिसतात आणि नव्या मातीचा एक उंचवटा.

"उतरा," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग. ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगा."

"इथून?"

"आत जाता येत न्हाय. बोलाया कुणी आडवलंय?"

ती गाडी घेऊन पुढं लिंबाखाली जाऊन उभी राहिली, पाठ करून. मी भिंतीवर हात ठेवला. दगड तापलेला होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं एक, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. तरी बोलले. पोरीला जे सांगितलं तेच, पण भाईंना सांगताना ते फार थोडक्यात आटपलं. तीन-चार वाक्यं होती सगळी. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घेतली होती.

मी वळले तेव्हा ती गाडी घेऊन आली.

"झालं?"

"झालं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. राग गेला असं मी म्हणणार नाही, आणि तो जावा असं मागायचा मला हक्कही नाही. तिनं पाय टेकवून गाडी स्थिर धरली, मी बसेपर्यंत.

"नीट धरा," ती म्हणाली. "रस्ता लई खराब हाय."